केसाची गरी

लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या मराठीच्या सरांनी मला काही जुने दिवाळी अंक वाचायला दिले होते. त्यांत आपल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं म्हणजे कोणी स्टेशनमास्तर, कोणी दवाखान्यातल्या बाई, कोणी आयुष्यभर एस.टी. चालवलेला माणूस. त्यांनी वळून पाहिलं की मागं बराच रस्ता दिसतो. माझ्यामागं एवढा रस्ता नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजात गेलेला आमच्या घरातला पहिलाच, आणि माझं काम असं आहे की त्याला काम म्हणावं का यावर आमच्या गल्लीचंच एकमत नाही. सरांनी वर्गात आपापल्या कामावर दोन पानं लिहायला सांगितली. माझी वाचून म्हणाले, "हे अंकाला पाठव, पण जरा वाढव." वाढवताना कळलं की वाढवणं अवघड असतं. चुकलं तर सरांना बोल लावू नका.

मी मासे धरायच्या गऱ्या बांधतो. पुस्तकात गळ म्हणतात, आमच्याकडं गरी. जाळं टाकून मासे धरणाऱ्यांना माझा काही उपयोग नाही. माझं गिऱ्हाईक वेगळं आहे. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून धरणावर येतात, लांब काठ्या रोवतात, छत्री लावून दिवसभर बसतात, मोठा मासा लागला तर त्याच्यासोबत फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. हे वाचून तुम्ही हसला असाल तर हरकत नाही. सगळेच हसतात.

या शौकीन लोकांची गरी साधी नसते. साध्या गरीला आमिष गरीवरच खोचतात. पण रोहू, मृगळ, सिप्रनस हे मासे चावा घेत नाहीत. तळाला तोंड लावून चिखलासकट दाणा ओढतात, तोंडात घोळवतात, आणि काही टोचलं किंवा जड लागलं की थुंकून टाकतात. वय झालेला मासा हे इतक्या झटकन करतो की काठावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून कोणीतरी युक्ती काढली. आमिष गरीवर लावायचंच नाही. गरीच्या मागं दोऱ्याचं एक बारीक शेपूट मोकळं ठेवायचं आणि त्याच्या टोकाच्या फाशात उकडलेला मक्याचा दाणा ओवायचा. मासा दाणा ओढतो. दाणा मोकळा आहे म्हणून तो निर्धास्त असतो. दाण्यामागून रिकामी गरी तोंडात जाते आणि तो थुंकायला जातो तेव्हा खालच्या ओठात बसते. त्या शेपटाला केस म्हणतात. पहिल्यांदा ज्यांनी हे केलं त्यांनी म्हणे खरोखर डोक्याचा केस वापरला होता. आता मजबूत विणलेला दोरा असतो, नाव मात्र केसच राहिलं.

हे मला वानखडे डॉक्टरांनी शिकवलं. ते गुरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत, बुलडाण्याला राहतात. आमचं शेत धरणाच्या खालच्या अंगाला आहे. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी. मी मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन धरणाच्या भिंतीवरून चाललो होतो, तर काठावर एक म्हातारा माणूस गरी डोळ्यांजवळ धरून बसला होता. जवळ नेऊन दिसेना, दूर नेऊनही दिसेना.

"ए भाऊ, डोळे चांगले आहेत का तुझे?"

"हाव."

"मग ये बस. एवढा दोरा या दांडीला वेढून दे."

त्यांनी सांगितलं तसं मी केलं. केस गरीच्या दांडीला चिकटवून धरायचा, उरलेला दोरा त्यावर घट्ट शेजारीशेजारी वेढत जायचा, आणि शेवटी टोक गरीच्या डोळ्यातून मागच्या बाजूनं ओवून ओढायचं. याला गाठ म्हणतात, पण यात गाठ नसतेच. दोराच दोऱ्याला दाबून धरतो.

"हे तं जुडी होय," मी म्हणालो.

"कसली जुडी?"

मी गाठोड्यातली मेथीची जुडी काढून दाखवली. जुडीलाही आम्ही गाठ मारत नाही. ओल्या सुतळीचे वेढे द्यायचे आणि टोक वेढ्याखाली दाबायचं, म्हणजे बाजारात बाईला एका झटक्यात सोडता येते. आईनं, म्हणजे आमच्या मायनं, मला हे लहानपणीच शिकवलं होतं. डॉक्टरांनी माझी गरी घेतली, ओढून पाहिली आणि हसले.

"जुडी छान आहे रे. पण मासा म्हणजे मेथी नाही. केस आखूड झालाय. दाणा गरीला चिकटला की म्हातारा मासा ओळखतो. दाणा आणि गरीचं वाकण यात मुगाएवढी जागा ठेव."

ती मुगाएवढी जागा जमायला मला बरेच दिवस लागले. आधी डॉक्टरांसाठी बांधल्या, मग त्यांच्या ओळखीच्यांसाठी, मग पुण्याचे एक दुकानदार गऱ्या आणि दोरा पाठवू लागले आणि मी बांधून परत पाठवू लागलो. माझी फी, बसचा पास आणि बहिणीची पुस्तकं त्यातून होतात. एवढं सांगितलं की कामाचा इतिहास संपला.

पण मायचं काय, ते सांगितल्याशिवाय हे पुढं जाणार नाही.

मायच्या गळ्यात माळ आहे. आमच्या घरी कोणी मासोळीचं नाव काढलं तर ती चूळ भरून ये म्हणते. मी पहिल्यांदा घरात गऱ्या बांधायला बसलो तेव्हा ती समोर पालकाच्या जुड्या बांधत होती. आमच्या दोघांच्या बोटांची चाल एकच होती. थोड्या वेळानं तिचं लक्ष गेलं.

"हे काय व्हय?"

"गरी."

"कायची?"

"मासोळीची."

तिनं आपल्या जुड्या उचलून लांब ठेवल्या. "वा रे बापू! माळकऱ्याच्या घरात गरी. उद्या जाळं टांगजो दारात, तोरण म्हणून."

"माय, हे लोक मारत नाहीत वं. धरतात, फोटो काढतात, अन् सोडून देतात."

"सोडून देतात तं धरतात कायले?"

"शौक असते," मी म्हणालो.

"अन् सोडल्यावर जगते काय थे?"

"जगत अशीन."

"अशीन म्हणू नको. पाह्यलं काय तू?"

मी पाहिलं नव्हतं. मासा पाण्यात गेला की गेला. पुढं त्याचं काय होतं ते कोण पाहणार? मायनं मग सांगून टाकलं, तेही रागानं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं.

"घरात आणायच्या नाही. जगते का नाही हे जोवर मले समजत नाही तोवर त्या पैशाचं माह्या तोंडात काही जाणार नाही. अन् मरते असं समजलं, तं त्या दिवशी हे काम बंद."

तेव्हापासून मी शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसून गऱ्या बांधतो. आणि तेव्हापासून आमच्या घरात चहा दोनदा होतो. मी आणलेल्या साखर-पत्तीचा आमचा, आणि भाजीच्या पैशाच्या साखर-पत्तीचा मायचा. पाहुणे आले की त्यांना वाटतं मायला साखरेचा आजार आहे. ती नाकारत नाही. मला मात्र प्रत्येक वेळी ते दुसरं भांडं चुलीवर चढलेलं दिसतं.

मायच्या बोलण्याचा परिणाम कामावर झाला तो असा. गरीच्या टोकाला आतल्या बाजूनं एक उलटा काटा असतो. तो मासा निसटू देत नाही, पण काढताना ओठ फाडतो. मी पकडीनं तो काटा दाबून सपाट करू लागलो. डॉक्टरांना आवडलं. पुण्याच्या दुकानदारांचा फोन आला.

"अहो, तुमच्या गळांचा काटाच गेलाय."

"मी दाबला तो."

"दाबला? कशासाठी?"

"मासोळीले..." मग मी जीभ सावरली, "माशाला लागू नये म्हणून."

ते इतके हसले की मी फोन कानापासून दूर धरला. "लागू नये म्हणून गळ! हे मी दुकानाच्या पाटीवर लिहितो."

ते पार्सल परत आलं. दोन महिने पुण्याचं काम बंदच होतं. मग त्यांनाच काही गिऱ्हाइकं भेटली, सोडून देणारी, त्यांना बिनकाट्याचीच हवी होती. काम पुन्हा सुरू झालं, पण आधीपेक्षा कमी. दुकानदार अजून माझ्या बोलण्यातलं 'मले-तुले' ऐकायला मिळावं म्हणून दोन मिनिटं जास्त बोलतात. मी आता सावरत नाही. थकवा येतो सावरण्याचा.

गिऱ्हाइकांचे किस्से सांगावेत असं सर म्हणाले. दोनच सांगतो.

मी फोनच्या स्टेटसवर लिहिलं होतं, "केसाच्या गऱ्या बांधून मिळतील." दुसऱ्या दिवशी शेजारच्या यमुनाकाकू एक कॅरीबॅग घेऊन मोटारीच्या खोलीवर आल्या. आमच्याकडं केसांवर भांडी देणाऱ्या बाया गावोगाव फिरतात. बायका विंचरताना निघालेले केस भिंतीच्या फटीत गुंडाळून ठेवतात आणि बाई आली की देऊन वाटी नाहीतर चमचा घेतात.

"हे घे रे. माहे अन् दोन्ही सुनाईचे हायेत. काय देतं?"

"काकू, केस नाही लागत मले."

"मंग लिहेल काऊन हाय? माह्या नातवानं वाचून दाखवलं."

मी गरी दाखवून सगळं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग विचारलं, "बरं, दोन सुनाईचे राहू दे. माहे घे. माहे लांब हायेत." तो आठवडाभर तिघीचौघी येऊन गेल्या. एकीनं तर मी भांडी देत नाही म्हणून केसाचा धंदा बुडवायला बसलोय असं गावात सांगितलं.

दुसरा किस्सा वरवट बकालच्या एका शेतकऱ्याचा. त्यांनी फोन करून विचारलं, तुमच्याकडं गळ भेटते म्हणे, एक चांगली मजबूत पाठवा. मी पाठवली. चार दिवसांनी फोन.

"भाऊ, हे पाकीट आलं. याच्यात तं काहीच नाही."

"नीट पाहा, दोऱ्याला गरी हाय."

"हे? मले वाटलं शिलाई मशीनचा पुर्जा हाय." मग लगेच, "अहो, विहिरीत बादली पडेल हाय माही! ते काढाची गळ पायजे मले. हे काय, लहान लेकराच्या खेळण्यातली बादली काढाले हाय काय?"

विहिरीतली बादली काढायच्या आकड्यांनाही गळच म्हणतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पैसे परत देतो म्हणालो तर ते म्हणाले राहू द्या, पोरगं घेऊन गेलं नदीवर. पोराला काही लागलं का ते विचारायचं मी टाळलं.

हे सांगताना हसू येतं, पण खरं सांगतो, काम करताना फार हसू येत नाही. विणलेला दोरा ओढून ओढून उजव्या हाताच्या बोटाला चर पडला आहे, तिथं पेन टेकतं आणि परीक्षेत दुखतं. मोटारीच्या खोलीत उजेड कमी. दिवसभर कॉलेज, मग बस, मग त्या खोलीत दांडीवर वेढे. वेढा एकावर एक चढला की पूर्ण सोडून पुन्हा. आणि वर प्रत्येकाला समजावून सांगायचं की हे काय आहे, कशासाठी आहे, आणि धरून सोडायचं असेल तर धरायचं कशाला. मित्र म्हणतात, "काय बे, मासोळीची वेणीफणी झाली काय?" मी हो म्हणतो आणि पुढं जातो.

आणि या सगळ्याखाली मायचा प्रश्न. तो मी जो भेटेल त्याला विचारला. डॉक्टरांना विचारला तर ते म्हणाले, "अरे, मी गुरांचा डॉक्टर. माशाची नाडी कुठं धरतात तेही मला माहीत नाही. माझ्या मते जगतो. पण तुझ्या आईला माझं मत नकोय, तिला मासा पाहिजे." सुपडाभाऊला विचारला. सुपडाभाऊ आमच्या धरणावर जाळी टाकणाऱ्या सोसायटीत आहे, जन्म पाण्यावर गेलेला. काठ्यावाल्यांना काठावर बसायची पावतीही तोच फाडतो. त्यानं आधी विडी पेटवली.

"दिनू, तू शिकेल माणूस. मले एक सांग. दिवसभर उन्हात बसाचं, एक मासोळी धराची, तिचा पापा घ्याचा, अन् सोडाची. मी हे घरी केलं तं बायको मले सोडीन."

"जगते का थे सांग ना भाऊ."

"जगतही अशीन. मावशीले सांग, मासोळीले मराले काही बहाना लागत नाही. आम्हीच हाओ ना."

मागच्या हिवाळ्यात मात्र एक आशा निर्माण झाली. डॉक्टरांना एक सिप्रनस लागला, मी बांधलेल्या गरीवर, मी शेजारी असताना. सिप्रनसची एक जात असते, तिच्या अंगावर सगळीकडं खवले नसतात. या मासोळीच्या एका कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत मोठे खवले एका ओळीत होते, सदऱ्याच्या गुंड्या लावाव्या तसे, आणि मधली एक गुंडी तुटल्यासारखी जागा रिकामी. असा मासा हजारात ओळखू येतो. डॉक्टरांनी ओल्या पोत्यावर ठेवून गरी काढली. खालच्या ओठाला बारीक भोक पडलं होतं, थोडं रक्त होतं. मी फोटो काढला. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तिला पाण्यात धरून ठेवलं, कल्ले हलायला लागले, आणि ती गेली.

"आता मिळाला तुझ्या आईचा मासा," डॉक्टर म्हणाले. "ही पुन्हा कोणाला लागली की झालं."

मी तो फोटो धरणावर येणाऱ्या सगळ्यांना पाठवला. सुपडाभाऊच्या फोनवरही टाकला. मायला सांगितलं. तिनं फोटो पाहिला नाही, पण गुंड्यांचं ऐकलं. "गुंड्यावाली," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून अधूनमधून, पीठ मळताना, वाफे भिजवताना, मध्येच विचारायची, "आली काय रे थे गुंड्यावाली?"

हिवाळा गेला. उन्हाळ्यात पाणी आटलं, काठ्या वाढल्या, गुंड्यावाली कोणाला लागली नाही. पावसाळ्यात सगळंच बंद असतं.

यंदा पाऊस उघडल्यावर माय धरणाच्या कडेनं तरोट्याची रानभाजी खुडायला गेली होती. परत आली ती रिकाम्या ओटीनं. मी मोटारीच्या खोलीत होतो, ती दारात उभी राहिली. त्या खोलीत ती कधी येत नाही.

"तिथं मरेल पडेल हाय एक. काठाले. तोंड फाटेल हाय."

मी उठून पळतच गेलो. गुंड्यावाली नव्हती. एक रोहू होता, फुगलेला, कल्ल्याजवळ दोऱ्याच्या जाळीच्या खुणा. सुपडाभाऊला दाखवला तर त्यानं लांबूनच सांगितलं, "जाळ्यातून निसटेल हाय थो. तोंड तं खेकड्यानं खाल्लं. तुह्या गरीनं असं होत नाही." मी घरी येऊन तसंच मायला सांगितलं.

"सुपडा तुहा दोस्त हाय," ती म्हणाली. "थो दुसरं काय सांगीन?"

"माय, खरंच जाळ्यातला होता."

"अशीन. मी कुठी नाही म्हणते. पण मले आता झोप नाही लागत बापू. तू खोलीत बसते, मी इकडं जुड्या बांधते, अन् माह्या हातालेच वाटते की मीच बांधून राह्यली गऱ्या." मग म्हणाली, "दिवाळीपावतर वाट पाहातो आपण. समजलं तं समजलं. नाही तं बंद कर. फीचं पाहू काहीतरी. वांगे वाढवू."

वांगी वाढवून फी होत नाही हे तिलाही माहीत आहे. आमच्याकडं पाणी किती, जमीन किती, हे तिच्याहून जास्त कोणाला माहीत असणार. तरी ती तसं म्हणाली, आणि मी हो म्हणालो.

तेव्हापासून मी पुण्याचं नवं काम घेतलेलं नाही. हातातलं तेवढं पुरं करतो. काम सोडण्याचं दुःख होईल का असं डॉक्टरांनी विचारलं. थकलो आहे हे खरं. पण वेढे जेव्हा एकाशेजारी एक बसतात आणि केस दांडीवरून सरळ, मुगाएवढी जागा सोडून उतरतो, तेव्हा हाताला जे बरं वाटतं ते मला अजून दुसऱ्या कशात वाटलेलं नाही. परीक्षेच्या पेपरात तर नाहीच. आणि तेच हात मायनं शिकवलेले आहेत, म्हणून तिला दुखवून ते चालवणंही बरं वाटत नाही. दोन्ही खरं आहे. कोणतं जास्त खरं ते मला ठरवता येत नाही, म्हणून मीही दिवाळीची वाट पाहतो आहे.

लेख इथं थांबवणार होतो. सरांना द्यायची स्वच्छ प्रत ओसरीत बसून लिहीत होतो, तेवढ्यात माय मोताळ्याच्या बाजारातून आली. टोपलं उतरवलं, तांब्याभर पाणी प्यायली आणि उंबऱ्यावर बसली.

"सुपडा आलता बाजारात," ती म्हणाली. "कोथिंबीर घेवाले."

मी लिहीत राहिलो.

"थे गुंड्यावाली आली म्हणे जाळ्यात. आज सकाळी."

"कोणती?"

"किती गुंड्यावाल्या हायेत तुह्या? थेच. मधातली गुंडी तुटेल. तू पाठवेल फोटो अन् त्यानं आज काढेल फोटो, दोन्ही संग ठेवून पाह्यले त्यानं. मलेही दाखोले."

"तू पाह्यले?"

"पाह्यले."

तिनं रिकामं टोपलं बाजूला सारलं.

"वाढली होती म्हणे लय. सुपडा म्हणे, मावशी, ओठाचं पुरं भरेल होतं. बारीक वण तेवढा होता, बोट लावलं तं लागे."

"आता कुठी हाय?"

"इकली. तिथंच धरणावर, कापून. त्याचं पोट हाय थे, त्याले काय म्हणाव." मायनं पदरानं तोंड पुसलं. "पोटात अंडे होते म्हणे तिच्या. गच्च."

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल गेली. मी पेन खाली ठेवलं.

"जगली होती, पण," माय म्हणाली.